डब्याच्या आधीची दोन पानं

त्या उन्हाळ्यात घुग्घुसच्या घरी कोन कोन होतं ते आधी सांगतो. मी होती. माहा पोरगा दिलीप होता, तो कोळशाच्या खदानीत डंपर चालवते. माही सून वैशाली होती, चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. अन् वैशालीची माय कुसुमबाई होती, म्हंजे माही विहीण. आमच्याकडं ईनबाई म्हंतेत. वडश्याहून आली होती, उन्हाळाभर राहाले. शेवटी एका रातीपुरता तिचा भाऊ नामदेवमामा आला. अन् एक पुस्तक होतं, जाडं, पाठीवर कागद चिकटवलेलं. त्याले मी मानसातच धरतो. त्या घरात सगळ्यात जास्त ऐकून घेतलं ते त्याचंच.

आठवाचं कारन टेंभरं. काल बाजारात एक बाई टोपल्यात टेंभरं घेऊन बसली होती. तेंदूच्या झाडाची पिवळी फळं. घुग्घुसच्या धुरात, ट्रकाच्या हार्नात ती बाई अशी बसली होती जसं कोनी जंगलाचा तुकडा कापून आनून ठेवला. एक फोडून तोंडात टाकलं अन् तो उन्हाळा पुरा उभा राह्यला. मले लिहिता येत नाई. दुसरीतून शाळा सुटली. सही जमते, बसची पाटी ओळखू येते, तेवढंच. हे मी बोलून राह्यली अन् दिलीपच्या मोबाइलमधी भरून राह्यलं. कोनी उतरवून घेईन तं घेईन.

आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं. तिथी मे महिना म्हंजे तेंदूपत्ता, बिडीची पानं. फटफटाच्या आधी जंगलात जा लागे, ऊन तापाच्या आत डोक्यावर गठ्ठा घेऊन घरी. मंग मांडवात बसून सगळ्या घरानं पानाचे पुडे बांधाचे. बोटं काळी होत, तो रंग पावसाळ्यापर्यंत जात नसे. हात कामात राहत, कान मोकळे राहत. पन दिवसा माही सासू गोष्ट काढू देत नसे. कोनी सुरू केलं का म्हने, "दिवा लागू दे व. दिवसा कहानी सांगतली तं मामा वाट चुकते." कोनाचा मामा? सांगनाराचा, ऐकनाराचा, कोनाचा बी. माहा मामा मी जन्माच्या आधीच मेला होता, तरी मले भेव वाटे.

दिवा लागला का मंग सासू सुरू करे. तिच्यापाशी रीत होती. एकानं हुंकार द्याचा. दर वाक्याले 'हूं'. हुंकार थांबला का गोष्ट थांबली, मंग ती समजे का ऐकनार झोपलं. मी नवी नवरी, हुंकार माह्याकडं. पन मी मधातच इसरून जाओ, 'हूं' च्या जागी म्हनो, "मंग?" सासू हासे. म्हने, हिले घाई आहे. सासू तोंडाची कडक होती, पन त्या 'मंग'वर तिचं तोंड उजळे. तेव्हा मले समजलं नाई का एवढ्याशा शब्दानं तिले काय भेटत असन.

दिलीप मांडीवर होता तेव्हा त्याचा बाप तापात गेला. सासू त्याच्या मांगंच गेली. त्यानंतर पत्ता मी एकटीनंच तोडला. सांजले पोट्ट्याले गोष्ट सांगो, तं तो दिवसभर माह्या मांगं जंगलात फिरून थकला राहे, दुसऱ्याच वाक्याले झोपे. मी अर्धी गोष्ट तोंडात धरून बसो. असे कितीक उन्हाळे गेले. मंग गुडघे गेले अन् दिलीपनं मले घुग्घुसले आनलं. जंगल सुटलं. इथी मांडव नाई, फक्त बारीक काळी धूळ. सकाळी पुसलेला ओटा दुपारी बोटानं लिहिता येईन असा होते. तो पुसाचं काम माह्याकडं आहे.

वैशाली आमच्या घरी आली तेव्हा भांड्यासोबत एक लोखंडी पेटी आनली होती. बायांनी उघडून पाह्यली, तं पुस्तकंच. लग्नातल्या बाया हासल्या. "पोरगी सयपाक करीन का वाचत बसन?" मी बी हासली होती. पन नोकरी लागली अन् पेटी खाटेखाली गेली. वर माह्या गोळ्याची पिशवी. कधी सुटीच्या दिवशी पुस्तक काढे, उताणं पडे, अन् थोड्या वेळानं पाहाले गेलं तं पुस्तक छातीवर अन् पोरगी घोरून राह्यली. म्हने, "आई, आता मले चार ओळी वाचवत नाईत. वार्डात दिवसभर चार्ट भराचे. अक्षर दिसलं का डोळे मिटतेत. आधी मी एका बैठकीत पुस्तक संपवत होती हो." हे ती असं सांगे जसं कोनी म्हनावं, आधी मी धावत होती.

तिच्या मायनं आल्या आल्या ते हेरलं. कुसुमबाई अंगनवाडीत होती जन्मभर, नुकतीच सुटली होती. वडश्याच्या वाचनालयातून ते जाडं पुस्तक घेऊन आली होती. पह्यल्याच सकाळी, वैशाली डबा करून राह्यली होती, कुसुमबाई सयपाकखोलीच्या उंबऱ्यात पाट टाकून बसली अन् पुस्तक उघडलं.

"माय, मले टाइम नाई. बस जाईन माही."

"तुले कोन टाइम मागून राह्यलं? पोळी लाटून राह्यली ना, लाट. दोनच पानं. मी वाचतो."

अन् लागली वाचाले. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती.

गोष्ट अशी होती. एक बाई, मालती नावाची. समुद्राच्या गावात राहे. नवरा बोटीवर कामाले गेला तो आलाच नाई, मेला म्हनून बी कोनी सांगतलं नाई. कुंकू ठेवावं का पुसावं, गावाले समजे ना. तिनं खानावळ टाकली. दोन पानं झाली का कुसुमबाई पुस्तक बंद करे. नेमकं अशा जागी बंद करे का वैशालीचा हात लाटण्यावर थांबे. वळून म्हने, "मंग?"

"मंग उद्या. जा, बस येईन."

तो 'मंग?' माह्या काळजात काट्यासारखा गेला. खोटं काऊन बोलू. पोरगी पाच वर्साची असावी असा तो आवाज होता. मले ती दिवसभरात काय विचारे? आई, गोळी घेतली? आई, पाय शेकले? आई, जेवल्या? चांगलंच विचारे, कोनाची सून विचारते एवढं? पन ते सिस्टरचं विचारनं. खाटेवरच्या मानसाले विचारतेत तसं. 'मंग?' म्हनून तिनं मले कधी काई विचारलं नाई, अन् विचारन कशी, माह्याजवळ पुढचं असं काई नव्हतंच. पत्ता तोडला, पोरगा वाढवला, गुडघे गेले. झाली गोष्ट.

अन् ती बाई माह्या घरात, माह्या चुलीपाशी, पाटावर बसून रोज माह्या सुनेच्या तोंडातून तो शब्द काढे. डोळ्याले चष्मा, अक्षरावर बोट नाई का काई नाई, नदीसारखं वाचे. मले वाटे, हिचा चष्मा फुटावा. मंग वाटे, फुटला तं पुढं काय झालं ते कसं समजन. असं दोनीकडून जळत होती मी.

वैशाली गेली, दिलीप ड्युटीवर गेला, का दुपारी आम्ही दोघीच. आता गंमत आयका. कुसुमबाईले बी राहवत नसे. पंख्याखाली बसून ती पुढची पानं आपल्यापुरती वाचे, पन तोंडानं, अंगनवाडीची सवय. मी ओटा पुसता पुसता कधी 'हूं' कराले लागली मलेच समजलं नाई. एक दिवस ती थांबली. चष्म्यावरून पाहे.

"ईनबाई, तुम्ही हुंकार देऊन राह्यल्या?"

"दिला. मंग काय झालं?"

"काई नाई. द्या. मले वाचाले बरं वाटते."

म्हंजे मी वैशालीच्या पुढं होती. सकाळी कुसुमबाई तीच पानं अशा तोंडानं वाचे जसं तिलेच माहीत नाई, अन् मी तांदळात मान घालून बसो. पोटात खुशी. पुढचं मले माहीत होतं, सुनेले नाई. पन माहीत असून फायदा काय, विचारनार कोन? ती विचारे ते पाटावरच्या बाईले.

आंबे पिकले अन् नामदेवमामा बहिनीले न्याले येनार होता. वडश्याहून रेल्वेनं चंद्रपूर, तिथून बसनं घुग्घुस. त्या सकाळी गोष्ट मोठ्या जागी आली होती. खानावळीत एक मानूस जेवाले येते. दाढी वाढलेली, मान खाली. मालती वाढते, तो वर पाहत नाई. पैसे ठेवून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. पानातलं मीठ तो बोटानं बाजूले सारते, अन् तिचा नवरा बी तसंच सारत होता. इथी कुसुमबाई थांबली. वैशालीनं पोळी तव्यावर तशीच सोडली, करपली. म्हने, "माय, असं नको करू, तो तिचा नवराच आहे ना? मंग?" अन् मायच्या गळ्यात हात टाकले. पिठाचे हात.

माह्यानं राहवलं नाई. म्हटलं, "ईनबाई, भर दिवसा कहानी सांगून राह्यल्या. आज मामा घरून निघाला आहे. वाट चुकन तो."

कुसुमबाई हासली. "बाई, ही कहानी थोडीच आहे, कादंबरी आहे. कादंबरीनं मामा चुकत नाई."

वैशाली बी हासली. दोघी मायलेकी हासल्या.

दुपार झाली, मामा नाई. ऊन उतरलं, मामा नाई. फोन लावला तं बंद. वैशाली ड्युटीवरून आली, दिलीप आला, तरी नाई. कुसुमबाई दारातून रस्ता अन् रस्त्यातून दार करून राह्यली होती. तोंड पांढरं. दिवे लागाच्या वक्ताले मामा आला, खांद्यावर आंब्याचं पोतं, कपाळावर घामाचे ओघळ.

"झोप लागली बाप्पा. खिडकीतून वारा आला अन् डोळा लागला. उघडला तं बल्लारशा! चंद्रपूर मांगं राह्यलं. फोनची बॅटरी बी मेली."

दिलीप पोट धरून हासला. "मामा, आईनं सकाळीच सांगतलं होतं तुमी चुकान म्हनून."

कुसुमबाई हासली नाई. माह्याकडं पाह्यलं. अंगनवाडीत पोरांना 'भूत नसते' म्हनून शिकवनारी बाई, पन तिनं दुसऱ्या सकाळी पुस्तक उघडलं नाई. पिशवीत टाकलं. वाचनालयाचं आहे, म्हने, वापस द्या लागन. अन् भावासोबत वडश्याले गेली. जाताना माह्या पाया पडाले वाकली, मी तिले उचललं. वयानं आम्ही बरोबरीच्या. तिचा हात नरम होता. माहे हात पाह्यले तिनं.

घर मोकळं झालं. मले वाटलं होतं जळनं बी जाईन तिच्यासंगं. सकाळी वैशाली डबा करे, मी तांदूळ निवडो. कुकरची शिटी. उंबऱ्यातला पाट मी उचलून ठेवला नाई, तिनं बी ठेवला नाई. दोघी त्याले वलांडून जाओ. एक दिवस ती पोळीशी बोलल्यासारखी बोलली, "तो मानूस कोन असन?"

मी म्हटलं, "मले पुढचं माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बरंच. दुपारी वाचत होती ना तुही माय. मी ऐकत होती."

"माह्या आधी?" ती वळली. "मायनं तुम्हाले माह्या आधी वाचून दाखवलं? अन् सकाळी मले..."

तिचं तोंड पाहाच्यासारखं झालं. ओठ आवळलेले, नाक लाल. मी ते तोंड ओळखलं. उन्हाळाभर ते माहं होतं. खरं सांगतो, बरं वाटलं.

"सांगा ना आई मंग. काय झालं?"

"दिवस आहे. मामा वाट चुकते."

"मामा तं वडश्याले घरी आहे!"

"विचार."

तिनं पिठाच्या हातानं फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"मामा, कुठी आहे?"

"घरी. काऊन व?"

"कुठी निघून तं नाई राह्यला?"

"दात घासून राह्यलो. कोनाले काई झालं का?"

"काई नाई झालं. अर्धा घंटा घराबाहेर पाय टाकू नको. आई कहानी सांगून राह्यल्या."

तिकडून मामानं काय म्हटलं ते मी इथी सांगत नाई. पन घरी बसला बिचारा. मंग रोजचंच झालं. डब्याच्या आधी मामाले फोन, मामा घरी का, घरी. मंग मी पाटावर बसो.

मले नदीसारखं सांगता येत नाई. मी समुद्र पाह्यला नाई, म्हनून माह्या गोष्टीत वैनगंगा आली, पुरातली, दुसरा काठ न दिसनारी. खानावळीत मी मासोळी ठेवली, अंबाडीची भाजी ठेवली. वैशाली म्हने, "आई, पुस्तकात अंबाडी होती?"

"असनच. समुद्राकाठी मानसं काय गोटे खातेत?"

"बरं, बरं. मंग?"

मंग म्हटलं तिनं. मले म्हटलं. मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडाले घेतले. कोनी पाह्यलं नाई. मालतीनं त्या मानसाले एक दिवस मुद्दाम मीठच वाढलं नाई, तं तो पानाच्या कडंले रिकामंच बोट फिरवून राह्यला, हे मी सांगतलं तेव्हा वैशाली ओट्याले टेकून उभी राह्यली. बस सुटली तिची त्या दिवशी. दुसरी पकडली.

मी पुरवून पुरवून सांगत होती. एका पानाचे तीन दिवस करो. पन ऐकलेलं ते किती. एका सकाळी मालती त्या मानसाच्या मांगं मांगं घाटावर गेली, त्याले हाक मारली, तो थांबला, वळाले लागला, अन् माह्याजवळचं संपलं. मामाची वाट पाहून राह्यलो त्या दुपारी पुस्तक इथीच बंद पडलं होतं.

"मंग?"

तो तिचा नवराच होता, असं सांगून द्यावं, तोंडाशी आलं होतं. कोनाचा तरी वापस यावा. पन पोरगी अशा डोळ्यानं पाहून राह्यली होती का माह्यानं बनवनं झालं नाई. म्हटलं, "इथवरच ऐकलं मी. मायले फोन लाव."

हे चार शब्द म्हनाले मले किती जड गेलं ते मलेच माहीत.

कुसुमबाईनं पुस्तक पुन्हा वाचनालयातून आनलं. मामा समोर बसला आहे, म्हने, दिसून राह्यला आहे, मंग वाचतो. फोन ओट्यावर, डब्याले टेकवून उभा. ती वाचाले लागली अन् माह्या तोंडातून आपोआप निघालं, "हूं."

तिकडं वाचनं थांबलं. "हुंकार कोन देऊन राह्यलं?"

"मी, ईनबाई."

"मंग ठीक. घरी मुकाट्यानं वाचाले बसली होती, मन लागलंच नाई."

गोड बोलली. तरी जळनं गेलं नाई माहं.

तो मानूस तिचा नवरा नव्हता. बोटीवरचा त्याचा सोबती होता. नवरा मेल्याची खबर घेऊन आला होता, अन् सांगाले तोंड उघडत नव्हतं, म्हनून रोज जेवाले येई, मान खाली घालून जेवे अन् न सांगताच जाई. मिठाची सवय त्याले सोबत्याची लागली होती. एका ताटात जेवलेले ते. घाटावर त्यानं सांगतलं. मालती म्हनते, मले पह्यल्या दिवशीच समजलं होतं, तुमचं जेवन व्हावं म्हनून मी विचारलं नाई.

कुसुमबाईनं पुस्तक मिटलं त्याचा आवाज फोनमधून आला. "झालं बाई. डबा भर."

वैशालीनं फोन बंद केला. गॅस बी बंद केला. माह्याजवळ खाली फरशीवर येऊन बसली, युनिफॉर्म घातलेला होता, तरी बसली.

"आई, मी बी अशीच उभी राहतो. वार्डाच्या दारात. बाहेर बायको बसली राहते, डब्यातलं काढून पोरांना चारून राह्यली असते. मले सांगा लागते. मी म्हंतो, डाक्टर सांगतीन. मी पानी भरतो, चादर बदलतो, जेवन होऊ देतो तिचं. मले वाटे मी भेकड आहे."

हे तिनं मायले फोनवर सांगतलं नाई. दिलीपले बी सांगतलं नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दिलीपचा बाप गेला तेव्हा दवाखान्यातल्या एका बाईनं मले आधी चहा पाजला होता. पिऊन झाल्यावर सांगतलं. तो चहा मी तिले सांगतला. त्याआधी कोनालेच सांगतला नव्हता.

तिनं भिंतीले पाठ टेकवली. मंग हळूच म्हने, "मंग?"

अन् मी सांगत गेली. पत्त्याचं, गुडघ्याचं, जंगलातल्या पानी नसलेल्या वाटेचं. मामाले फोन न लावता.

आता तिले बढती भेटली. ड्युटी वाढली. पन गोष्टी सुटल्या नाईत तिच्या, पक्क्या धरल्या. फोनमधीच पुरं पुस्तक कोनीतरी वाचून ठेवते म्हने. ती बसमधी ऐकते, पोळ्या लाटताना ऐकते, कानात ती दोन बोंडं घालून. तव्यापाशी उभी राहून एकटीच हासते. एकटीच डोळे पुसते. मी विचारतो, "काय झालं व?" ती एका कानातलं काढते, म्हनते, "काई नाई आई, गोष्टीतलं," अन् पुन्हा घालते. खुशी आहे मले, पोरगी वाचते म्हनून. जळतो बी. आधी एक बाई होती, चष्मेवाली, हाडामासाची, तिच्यावर जळता येत होतं, तिले चहा बी देता येत होता. या बोंडाले काय देऊ? कुसुमबाईचे डोळे आता कमी झाले, तिचाच फोन येते दुपारचा. म्हनते, ईनबाई, वैशाली काय ऐकून राह्यली आजकाल? मी म्हंतो, मले काय माहीत. दोघी सोबतीनं जळतो म्हना.

तर हे ज्यांच्या हाती पडन त्यांना एवढंच म्हननं आहे. कामाच्या धावपळीत वाचाले होत नसन तं कोनाकडून वाचून घ्या, फोनमधून ऐका, पोळ्या लाटता लाटता ऐका, त्यात लाजाचं काई नाई. पन घरात कोनी माह्यासारखी बुडी तांदूळ निवडत बसली असन, तं कानातलं काढा अन् आवाज जरा मोठा ठेवा.